राजवाडा कुठाय?

“आडनाव सांगा, आपलं घर शोधा!”

लोकवैभव ग्रामाच्या कमानीखाली नऊवारी नेसलेली एक पोरगी कानाला माईक लावून प्रत्येकाला हेच वाक्य त्याच चालीत ऐकवत होती. तिच्यापुढं सुपात मातीचे बिल्ले होते. आडनाव सांगितलं की ती वहीत बोट फिरवायची आणि एक बिल्ला गळ्यात घालायची. बिल्ल्यावर ज्या घराचं चित्र असेल, ते आत गेल्यावर तुमचं घर.

दोन हजार चार सालच्या डिसेंबरातला शनिवार होता. आम्ही एका शाळेतले बावीस शिक्षक सहलीला आलो होतो. कवायतीचे निंबाळकर सर सगळ्यांत पुढं. त्यांना देशमुखांच्या गढीचा बिल्ला मिळाला आणि तिथल्या तिथं त्यांची चाल बदलली. चित्रकलेच्या सुतार सरांना सुताराचं घर मिळालं. मुख्याध्यापिका अभ्यंकर बाईंना जोशीबुवांचं. त्यावर पंचांगाचं चित्र होतं. बाईंनी ते डोळ्यांना लावलं.

“आडगावकर,” मी म्हणाले.

पोरीचं बोट वहीवरून खालपर्यंत गेलं आणि परत वर आलं. “गावावरून आडनाव असलं की आम्ही पाहुणे धरतो, मॅडम. तुमचं घर धर्मशाळा.” तिनं तांब्याचं चित्र असलेला बिल्ला माझ्या गळ्यात घातला. मला तो आवडला. पाहुण्याला कुणी फार खोलात जाऊन विचारत नाही.

माझ्यामागं तात्या होते, माझे वडील.

“आजोबा, आडनाव?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. सकाळी निघताना मी त्यांना म्हणाले होते, “तात्या, तिथं आपल्या गावाकडच्या गोष्टी काढू नका हं.” त्यावर ते म्हणाले होते, “कुणी विचारल्याशिवाय मी कशाला बोलू?” आता विचारलं होतं.

“आडनाव राहू दे पोरी,” तात्या म्हणाले. “मी सगळं गाव बघतो आणि माझं घर माझं मी शोधतो.”

“बघा, जुन्या माणसांचा उत्साह!” अभ्यंकर बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

तात्यांना आणायची कल्पना बाईंचीच. आई जूनमध्ये गेली, तेव्हापासून ते माझ्याकडं राहत होते आणि दिवसभर गॅलरीत बसून खाली रस्त्यावरच्या गाड्या मोजत होते. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर, विटा आगार. आमच्या बसमध्ये एक जागा रिकामी राहिली, तेव्हा बाई म्हणाल्या, “वडिलांना आण की विशाखा. जुन्यांना जुनं बघायला आवडतं.” आणि त्याच सकाळी, बस सुटल्यावर, त्यांनी मला शेजारी बसवून हळूच सांगितलं होतं, “जानेवारीत पर्यवेक्षकाचं पद रिकामं होतंय. मी तुझं नाव सुचवणार आहे. त्या खुर्चीवर संस्कारी घरातली बाई हवी.”

हे लोकवैभव एका रस्त्याच्या ठेकेदारानं उभारलं होतं. त्यानं तीन तालुक्यांतले रस्ते रुंद करताना वाटेतली जुनी घरं पाडली, आणि पाडता पाडता त्यांचे दरवाजे, तुळया, कोनाडे जपून ठेवले. मग संस्कृती नाहीशी होत चालल्याचं त्याला फार वाईट वाटलं आणि त्यानं वीस एकरांत हे गाव बसवलं. प्रवेशद्वारातच त्याचा फोटो होता, फेटा बांधलेला.

आधी संग्रहालयाचं दालन होतं. तिथं सगळंच शिवकालीन होतं. शिवकालीन तलवार, शिवकालीन अडकित्ता, शिवकालीन पाळणा. एका काचेच्या पेटीत शिवकालीन कंदील होता आणि त्याच्या काचेवर कंपनीचं नाव आणि वातीचा नंबर छापलेला होता. निंबाळकर सर प्रत्येक तलवारीखालची पाटी मोठ्यानं वाचत होते, जणू घरातलीच हरवलेली वस्तू सापडली.

तात्या एका तांब्यासमोर बराच वेळ थांबले. पाटी होती: शिवकालीन जलपात्र.

“असा तांब्या तुझ्या मामीकडं होता,” ते मला म्हणाले. “सत्तर साली घेतलेला. मामीला सांग, तू महाराजांच्या वेळची आहेस.”

मी त्यांना पुढं ढकललं.

दालनातून बाहेर पडलं की वेस. आत मधोमध पार, आणि पाराभोवती गाव. पारावर भलीमोठी पाटी: ‘बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार. असं होतं आपलं गाव! ना तंटा, ना भेदभाव!’ अर्धी माणसं फायबरची होती आणि अर्धी खरी. खरी माणसं पलीकडच्या वाडीतली, धोतर हा त्यांचा गणवेश. आपण जवळ गेलो की ती काम सुरू करायची आणि लांब गेलो की थांबवायची. लोहाराच्या भट्टीत तांबडा बल्ब आणि त्यावर पंख्यानं फडफडणारी नारिंगी कापडाची पट्टी होती. लोहार तिच्यापुढं हात शेकत बसला होता.

आमचे लोक बिल्ले घेऊन आपापली घरं शोधायला पांगले. ज्याला त्याला आपलं घर सापडत होतं आणि ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर अगदी खराखुरा आनंद दिसत होता. निंबाळकर सर गढीतल्या झोपाळ्यावर मांडीवर तलवार घेऊन बसले आणि त्यांनी सात फोटो काढून घेतले. सुतार सर, ज्यांना वर्गात साधी चौकट भिंतीला लावता येत नाही, रंधा हातात धरून भावुक झाले. “रक्तात असतं हो हे,” ते म्हणाले. अभ्यंकर बाई जोशीबुवांच्या ओसरीवर बसल्या आणि तिथल्या फायबरच्या जोशीबुवांना त्यांनी वाकून नमस्कारसुद्धा केला.

मी धर्मशाळेत पोहे खाल्ले.

तात्या मात्र एकेका घरासमोर उभे राहत होते, एकेक बोट दुमडून मोजत होते आणि पुढं सरकत होते. चांभाराच्या घरासमोर जरा जास्त थांबले, कारण तिथं चपलांचं दुकान होतं आणि त्या विकतही होत्या. गाव संपलं तसे ते परत पाराशी आले. नऊवारीतली ती पोरगी आता आम्हाला गाव दाखवायला आली होती. तिचं नाव वैभवी.

“पोरी, एक विचारू?”

“विचारा की आजोबा.”

“गावात ढोर मेलं तर ओढून कोण नेतं?”

वैभवी हसली. “आमच्या गावात ढोरं मरत नाहीत आजोबा. फायबरची आहेत.”

“वेशीत राखणीला कोण असतं?”

“सिक्युरिटी आहे ना. दोन माणसं आहेत.”

“बरं. मग राजवाडा कुठाय?”

“राजवाडा नाही आजोबा, इथं देशमुखांची गढी आहे. निंबाळकर सर बसलेत बघा, ती.”

“गढी बघितली. मी राजवाडा विचारतोय.”

आमच्या भागात गावाबाहेरच्या वस्तीला राजवाडा म्हणतात. पूर्वी सरळ महारवाडा म्हणायचे. मग कुणाला तरी तो शब्द बरा वाटेना, तेव्हा घरं तशीच ठेवून त्यांनी नाव बदललं. सुतार सरांना हे माहीत होतं. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि तात्यांकडं नीट बघितलं. मग माझ्याकडं.

अकरा वर्षं मी त्या शाळेत होते. खुल्या जागेवर गुणांनी आले होते. सेवापुस्तकात जे लिहायचं ते लिहिलेलं होतं, पण सेवापुस्तक संस्थेच्या कचेरीत, कपाटात. पहिल्याच आठवड्यात अभ्यंकर बाईंनी विचारलं होतं, “आडगावकर म्हणजे तुम्ही देशस्थ का?” मी हसले. ते हसणं त्यांनी होकार धरलं. माझ्या सासऱ्यांनी आडनाव बदलून घेतलं होतं, एवढं एक वाक्य मला पुरलं असतं. पण मी हसले. मग त्यांनी विचारलं, “विशाखा नाव नक्षत्रावरून का?” मी परत हसले. बुद्धाच्या काळात विशाखा नावाची एक उपासिका होती, तिच्यावरून तात्यांनी माझं नाव ठेवलं होतं. एकदा ऑफिसात नवा कारकून आला, तेव्हा डबा खाताना बाई म्हणाल्या, “हल्ली कोट्यातून कुणीही येतं बाई,” आणि मला म्हणाल्या, “पापड दे गं इकडं.” मी पापड दिला. हे सगळं तात्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. पण गेले सहा महिने ते माझ्या घरात राहत होते. आमच्या हॉलमध्ये शाळेतलं कुणी येणार असलं की भिंतीवरची तसबीर आतल्या खोलीत कशी जाते, हे त्यांना दिसत होतं.

वैभवीनं माईकवरून व्यवस्थापकांना बोलावलं. शिरोळे नावाचे गृहस्थ आले, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी.

“काय अडचण आहे आजोबा?”

“अडचण काही नाही साहेब. पाटीवर बारा लिहिलंय. मी दोनदा मोजलं, दहाच भरतात. एक घर मांगांचं राहिलं आणि एक आमचं.”

आमचं. तो शब्द त्यांनी विशेष मोठ्यानं म्हटला नव्हता. पण माणूस एकतीस वर्षं एस.टी.त तिकिटं विचारत फिरलेला. शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेला.

शिरोळ्यांनी तो विषय अगदी प्रेमानं हाताळला. “त्याचं काय आहे आजोबा, आमच्या समितीत ह्यावर सविस्तर चर्चा झाली. कुणाची मनं दुखावू नयेत म्हणून ते घर घेतलं नाही. वाईट आठवणी कशाला? आम्ही गावाचं गोड तेवढं दाखवतो. आणि खरं सांगायचं तर नकाशात जागा होती ठेवलेली. ओढ्यापलीकडं, खालच्या अंगाला. पण गाड्या वाढल्या. मग तिथं पार्किंग केलं.”

“ओढ्यापलीकडं? खालच्या अंगाला?”

“हो.”

“मग जागा बरोबर आहे,” तात्या म्हणाले. “आभारी आहे साहेब.” आणि ते जेवायला गेले.

मला वाटलं, संपलं. जेवताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही असं मी म्हणणार नाही. सुतार सर बसले. पण ते फक्त वांग्याच्या भाजीबद्दल बोलले. अभ्यंकर बाई समोरच्या पंगतीत होत्या. आमची नजरानजर झाली की त्या हसत होत्या आणि लगेच पानात बघत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. वडील म्हातारे झालेत, आई गेल्यापासून काहीबाही बोलतात. ‘आमचं’ म्हणजे आमच्या तालुक्यातलं, असंही सांगता आलं असतं. मी तेही जुळवून बघितलं.

जेवण झालं तरी तात्या दिसेनात. धर्मशाळेत नव्हते, पारावर नव्हते. मग खालून, ओढ्याच्या पलीकडून, तो आवाज आला.

“चला, पुढं चला! दारात थांबू नका, मागच्यांना आत येऊ द्या!”

आमची बस आणि शौचालयाची भिंत यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, तिथं तात्यांनी छत्रीच्या टोकानं मातीत एक चौकोन आखला होता. त्याच्या आत ते उभे. भोवती आधी चार-पाच ड्रायव्हर, मग हात धुवायला आलेले लोक, मग त्यांना बघून थांबलेले लोक. चाळीस-पन्नास माणसं जमली होती. आमचे शिक्षकही एकेक करून उतरून आले आणि मागं उभे राहिले. मी त्यांच्याही मागं.

“हे आमचं घर,” तात्या सांगत होते. “वर गावात नाही, म्हणून आत्ताच बांधलं. जेवण झाल्यावर.”

लोक हसले.

“हे दार. कमरेएवढं. वाकून आत यायचं. माझा बाप घरात वाकून यायचा आणि गावात गेला की तिथंही वाकूनच. त्यामुळं त्याला दाराचा काही त्रास नव्हता.”

परत हसले, पण सगळे नाही.

“ही चूल. इथं आई. ह्या कोपऱ्यात घुंगराची काठी. घुंगरू कशाला? आम्ही येतोय हे लोकांना आधी कळावं म्हणून. आता गाड्यांना हॉर्न असतो, तसं. बाप वेसकर होता. रात्रभर वेशीत राखण करायचा आणि दिवसा गावाची कामं. संध्याकाळी घरोघर भाकरी मागायला. तुम्ही सकाळपासून जी घरं बघितली ना, त्या सगळ्या घरांसमोर तो उभा राहायचा. अंगणात नाही, अंगणाच्या बाहेर. तोच त्याचा पगार. कुणाची सकाळची भाकरी, कुणाची कालची. आम्ही पोरं चव घेऊन सांगायचो, ही कुणाच्या घरची.”

“आणि पाणी?” पुण्याकडची वाटणारी, गॉगल केसांत खोचलेली एक बाई विचारत होती. तिला हा कार्यक्रमाचाच भाग वाटत होता.

“पाणी ओढ्याचं. विहीर वर गावात. तिथं लांब उभं राहायचं, कुणाला वाटलं तर वरून वाढायचं. इथं मात्र साहेबांनी नळ दिलेत. तुम्ही आता हात धुतले, ते आमच्या दारात. एवढं पाणी आमच्या वस्तीत तेव्हा असतं तर आम्ही गाव सोडलं नसतं.”

ती बाई टाळ्या वाजवायला निघाली होती; तिचे हात मध्येच थांबले.

अभ्यंकर बाई माझ्याजवळ सरकल्या. “विशाखा,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही... तू मला कधी बोलली नाहीस.”

मी हसले. अकरा वर्षांची सवय.

तेवढ्यात शिट्टी वाजली. शिरोळे गर्दीतून वाट काढत आले. आता त्यांचं प्रेम संपलं होतं. “काय चाललंय हे? परवानगी घेतलीत का? इथं खासगी कार्यक्रम करता येत नाही.” मग ते गर्दीकडं वळले. “ह्यांच्याबरोबर कोण आहे?”

त्यांनी वॉकीटॉकी दुसऱ्या हातात घेतली.

“ह्या आजोबांच्या बरोबर कोण आलंय?”

बावीस शिक्षक. निंबाळकर सर गळ्यातल्या गढीशी चाळा करत होते. सुतार सर बसच्या टायरकडं बघत होते. सगळे इतके नम्र झाले होते की कुणीही माझ्याकडं बघत नव्हतं. मी माझ्या चपलांकडं बघत होते. डाव्या चपलेचा अंगठा झिजला होता, हे मला तेव्हा दिसलं.

“अहो, मी विचारतोय, कुणाबरोबर आलात तुम्ही?” शिरोळ्यांनी तात्यांच्या दंडाला धरलं.

“कुणाबरोबर नाही साहेब,” तात्या म्हणाले. “मी एकटाच आलोय.”

ते म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. उलट पलीकडं, लिंबाच्या झाडाकडं बघितलं.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. पाय निघाले. गर्दी आपोआप बाजूला झाली. बस ते चौकोन, वीसेक पावलं असतील. मी रेषेपाशी थांबले.

“तात्या, आत येऊ?”

त्यांनी आता माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं असं मला वाटतं, पण तसं नसेलही.

“ये,” ते म्हणाले. “चपला बाहेर काढ. सारवण ओलं आहे.”

मी चपला काढल्या आणि आत गेले. खडी टोचत होती. शिरोळ्यांचा हात अजून तात्यांच्या दंडावर होता.

“हात काढा,” मी म्हणाले. “मी ह्यांची मुलगी. मी इतिहास शिकवते. आणि हे माझं माहेर आहे.”

शिरोळ्यांनी हात काढला. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग मातीतल्या चौकोनाकडं, मग घड्याळाकडं. “मॅडम,” ते म्हणाले, “तुमच्या भावनांचा आदर आहे. पण इथं गाडी लागायची आहे. इचलकरंजीची सहल आलीय.”

खरंच आली होती. एक लांबलचक बस हॉर्न वाजवत मागं मागं येत होती आणि तिच्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. लोक ओरडत पांगले. तात्यांनी एक पाऊल बाजूला घेतलं, छत्री काखेत मारली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “येऊ दे... येऊ दे... डावी मार... आणखी डावी... येऊ दे... बास!” आणि बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. बस बरोबर चुलीवर उभी राहिली.

“चला,” ते मला म्हणाले. “घर गेलं.”

परतीच्या प्रवासात आमचे लोक फार चांगले वागले. इतकं चांगलं ते आधी कधी वागले नव्हते. निंबाळकर सर मुद्दाम मागं येऊन म्हणाले, “आम्ही असलं काही मानत नाही हं, विशाखाताई. माझे कितीतरी मित्र आहेत.” कशाचे मित्र, ते त्यांनी सांगितलं नाही. त्याआधी त्यांनी मला कधी ताई म्हटलं नव्हतं. दोन जणींनी मला खिडकीची जागा देऊ केली. मी खिडकीतच बसले होते.

मग अभ्यंकर बाई डबा घेऊन आल्या. बेसनाचे लाडू. सगळी बस बघत होती आणि बाईंना ते माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं एक लाडू उचलला आणि तात्यांपुढं धरला.

“घ्या काका. मी स्वतः केलेत.”

“नको बाई.”

“असं कसं? एक तरी.”

“खरंच नको.”

बाईंचा चेहरा उतरला. “आमच्या हातचं नको का तुम्हाला? आम्ही तसं काही मानत नाही हो, काका. तुम्हीच मनात ठेवलंत तर कसं व्हायचं?”

तात्यांनी मांडीवरची छत्री बाजूला ठेवली.

“तुमच्या हातचं चालतं मला, बाई,” ते म्हणाले. “साखर चालत नाही. डायबेटिस आहे.”

बाई लाडू हातात धरून धावत्या बसमध्ये तशाच उभ्या राहिल्या. शेवटी तो मी घेतला. चांगला होता.

जानेवारीत पर्यवेक्षकपद निंबाळकर सरांना मिळालं. ते मला दोन वर्षांनी कनिष्ठ होते, पण बाईंनी मला बोलावून समजावलं की त्या पदाला शिस्तीचा माणूस लागतो. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मला आठवणीनं बोलावलं आणि आल्या-गेल्या प्रत्येकीला माझी ओळख करून दिली. आडनाव सांगून नाही. “ही आमची विशाखा, आमच्याकडं सगळे असतात,” अशी. पुढच्या वर्षी मी गेले नाही, आणि का आली नाहीस असं त्यांनीही विचारलं नाही. तसबीर हॉलमध्ये राहिली.

लोकवैभवानं दोन वर्षांनी ते घर बांधलं. त्या गॉगलवाल्या बाईनं कुठल्याशा मासिकात लेख लिहिला होता म्हणे. मी मुलींची सहल घेऊन गेले तेव्हा बघितलं. ओढ्यापलीकडं जागा उरली नव्हती, म्हणून उपाहारगृहाच्या मागं बांधलंय. दारात फायबरचा एक माणूस कमरेत वाकून हात जोडून उभा आहे. आपण जवळ गेलो की त्याच्या पोटातून ‘जोहार मायबाप’ असा आवाज येतो. खाली पाटी: ‘गावाचा निष्ठावंत सेवक’. माझ्याबरोबरच्या सातवीतल्या मुली त्याला परत परत बोलायला लावत होत्या. मी त्यांना तिथून हलवलं आणि पार्किंगमध्ये नेऊन सगळं सांगितलं. शिरोळे लांबून बघत होते, पण आले नाहीत. उद्घाटनाचं निमंत्रण तात्यांना आलं होतं, मार्गदर्शक म्हणून. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि गॅलरीतल्या डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना बरीच वर्षं विचारली नाही. ते गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात, एका दुपारी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. तेव्हा विचारलं.

“तात्या, त्या दिवशी तुम्ही एकटाच आलोय असं का म्हणालात?”

त्यांना कुठला दिवस हे सांगावं लागलं नाही.

“मग काय म्हणणार? त्या माणसानं तीनदा विचारलं.” त्यांनी एक शेंग उघडली, दाणे ताटलीत टाकले. “मी वाट बघितली थोडी. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बघितली, दुसऱ्यांदाही बघितली. मग म्हटलं, हिची नोकरी आहे. आपण काय, रिटायर.”

मी शेंगा सोलत राहिले आणि सालं कुठली, दाणे कुठले, याचा मला पत्ता राहिला नाही.

तात्यांनी ताटली स्वतःकडं ओढली आणि माझी सालं वेचून बाजूला काढायला लागले.

“आलीस की पण मग,” ते म्हणाले. “सोल नीट.”